चाळीस सेकंदांचा सूर

९ एप्रिल १९४२ ची सकाळ. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, बट्टिकलोआच्या समोरून ब्रिटिशांची 'हर्मीस' ही विमानवाहू नौका त्रिंकोमालीकडे परत निघाली होती. हल्ल्याची कुणकुण लागल्यामुळे आदल्या रात्रीच तिला बंदरातून बाहेर काढले होते. सोबतीला 'व्हॅम्पायर' ही ऑस्ट्रेलियन विनाशिका होती. पहिल्यापासून विमानवाहू म्हणूनच आराखडा केलेली ही जगातली पहिली नौका. पण त्या सकाळी तिच्यावर लढू शकेल असे एकही विमान नव्हते. जपानच्या टेहळणी विमानाने तिला पाहिले आणि ॲडमिरल नागुमोच्या ताफ्यातून ८५ विमाने उडाली. साडेदहा वाजून गेल्यावर पहिला बॉम्ब पडला आणि अकराच्या आत 'हर्मीस' पाण्याखाली गेली. ३०७ माणसे मेली. पाठोपाठ 'व्हॅम्पायर' बुडाली, 'हॉलीहॉक' ही छोटी लढाऊ नौका बुडाली आणि जवळपासची तेलवाहू जहाजेही बुडाली. पाण्यात तरंगणाऱ्या सहाशेच्या आसपास लोकांना 'व्हिटा' या रुग्णालय-जहाजाने उचलून घेतले.

'हर्मीस' हे नाव ब्रिटिश नौदलाने पुढे दुसऱ्या एका विमानवाहू नौकेला दिले. तीच नौका १९८७ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली आणि तिची 'विराट' झाली. मुंबईच्या गोदीत उभी असताना जिने कित्येकांना मान वर करून पाहायला लावले, त्या नौकेचे जुने नाव बट्टिकलोआच्या समुद्रात बुडालेल्या या नौकेवरून आलेले होते.

'हर्मीस' बुडण्याच्या चारच दिवस आधी, ईस्टरच्या रविवारी, 'कॉर्नवॉल' आणि 'डॉर्सेटशायर' या दोन ब्रिटिश क्रूझर याच जपानी ताफ्याच्या तावडीत सापडल्या होत्या. 'डॉर्सेटशायर' म्हणजे दहा महिन्यांपूर्वी 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेवर शेवटचे टॉर्पेडो सोडणारी क्रूझर. या दोघींवर एगुसा ताकाशिगे याच्या हाताखालची ५३ विमाने सूर मारून आली. वीसेक मिनिटांत दोन्ही क्रूझर तळाला गेल्या, ४२४ माणसे गेली आणि वाचलेले अकराशेहून अधिक खलाशी दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यात राहिले. ब्रिटिश ॲडमिरल सॉमरव्हिलने ताफा आवरता घेतला. जुन्या, संथ युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेल्या आणि 'वॉरस्पाइट' व दोन विमानवाहू नौका घेऊन तो स्वतः मुंबईला आला. बंगालच्या उपसागरावर त्या आठवड्यात ब्रिटिश नौदलाचा ताबा उरला नव्हता.

या दोन्ही दिवशी जहाजे बुडवणारे विमान एकाच जातीचे होते: आयची कंपनीचे डी-३-ए. दोस्त राष्ट्रांनी त्याला 'व्हॅल' असे टोपणनाव दिले होते. दिसायला ते जुनाटच होते. चाके पोटात न घेता लटकत ठेवून उडायचे, वेगही बेताचा. त्याची सारी करामत एका कृतीत होती. खंड्या जसा फांदीवरून पाण्यातल्या माशावर तीरासारखा कोसळतो, तसे ते आभाळातून जहाजावर कोसळायचे.

हा सूर मारायचा कशासाठी, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. वीस हजार फुटांवरून सरळ उडणाऱ्या विमानाने सोडलेला बॉम्ब पाण्यापर्यंत यायला पस्तीसेक सेकंद घेतो. तीस नॉटने पळणारे जहाज सेकंदाला सुमारे पंधरा मीटर जाते. म्हणजे बॉम्ब खाली येईपर्यंत ते अर्धा किलोमीटर पुढे गेलेले असते, आणि कप्तान शहाणा असेल तर त्याने मान वर करून बॉम्ब सुटताना पाहिलेला असतो व सुकाणू वळवलेले असते. मिडवेच्या लढाईत अमेरिकेच्या बी-१७ विमानांनी उंचावरून कितीतरी बॉम्ब टाकले आणि जहाजाला एकही लागला नाही. दुसरा मार्ग टॉर्पेडोचा. टॉर्पेडो लागला तर जहाजाचे कंबरडे मोडते, पण तो सोडायला पाण्याला चिकटून, सरळ रेषेत आणि सावकाश जावे लागते. अमेरिकी टॉर्पेडो विमाने तर ताशी जेमतेम दोनशे किलोमीटरच्या वेगाने यायची. तोफेवर बसलेल्या माणसाला याहून सोपे लक्ष्य कोणते मिळणार?

सूर मारताना मात्र विमान, बॉम्ब आणि नजर जवळजवळ एकाच रेषेत येतात. बॉम्ब दीड-दोन हजार फुटांवर सुटतो आणि चारेक सेकंदांत डेकवर पोहोचतो. तेवढ्यात जहाज फार तर पन्नास-साठ मीटर सरकते, आणि विमानवाहू नौकेची लांबी असते दोनशे-अडीचशे मीटर. शिवाय डोक्यावरून सरळ खाली येणाऱ्या विमानावर तोफ धरणे त्या काळच्या गोलंदाजांना फार अवघड जायचे.

ही कल्पना एका कोणाच्या डोक्यातून निघाली असे म्हणता येत नाही. पहिल्या महायुद्धातही वैमानिकांनी खंदकांवर सूर मारले होते. पण नौदलाला तिची खरी जाणीव झाली ती २२ ऑक्टोबर १९२६ रोजी. अमेरिकेचा प्रशांत ताफा कॅलिफोर्नियातल्या सान पेद्रो बंदरातून बाहेर पडत होता. सराव म्हणून फ्रँक वॅगनर या अधिकाऱ्याची तुकडी बारा हजार फुटांवरून थेट त्याच्यावर कोसळली. विमाने येणार हे ताफ्याला आधी कळवलेले होते, तरी ती डोक्यावर येईपर्यंत कोणाला दिसली नाहीत. पुढच्याच वर्षी, जुलै १९२७ मध्ये, निकाराग्वातल्या ओकोताल गावी अमेरिकी मरीन दलाच्या विमानांनी बंडखोर नेता सांदिनोच्या माणसांवर सूर मारून बॉम्ब टाकले. शांत सरावात दिसलेले हे तंत्र माणसांवर वापरले गेले ते असे, एका गरीब देशाच्या डोंगराळ गावात. हे विसरून चालणार नाही.

तिथून विद्या जगभर फिरली. जपानी नौदलाने १९३१ मध्ये जर्मनीतल्या हाइन्केल कंपनीकडे अशा विमानाची मागणी नोंदवली, आणि त्याच घराण्यातून आयचीची सूर मारणारी विमाने घडत गेली. जर्मन वैमानिक अर्न्स्ट उडेट अमेरिकेत कर्टिस विमानांचे सूर पाहून भारावला आणि १९३३ मध्ये त्यातली दोन विकत घेऊन मायदेशी आला. पुढे युरोपभर ज्याच्या भोंग्याने लोकांच्या काळजात धडकी भरली त्या जर्मन 'स्टुका' विमानामागे हा उत्साह होता. ब्रिटिश नौदलाकडे 'स्कुआ' होते. १० एप्रिल १९४० रोजी ऑर्कनी बेटांवरून सोळा स्कुआ उडाली, इंधनाच्या अगदी टोकाच्या अंतरावर नॉर्वेतल्या बर्गेन बंदरात पोहोचली आणि 'क्योनिग्सबर्ग' ही जर्मन क्रूझर त्यांनी बुडवली. युद्धात सूर मारून बुडवलेली ती पहिली मोठी युद्धनौका.

अमेरिकेने या कामासाठी जे विमान घडवले त्याचे नाव डग्लस 'डॉन्टलेस'. आराखडा एड हाइनेमान याचा. सूर मारणाऱ्या विमानाची मुख्य अडचण वेग ही असते. नाक खाली केले की विमान दगडासारखे सुटते, आणि वेग फार वाढला की वैमानिकाला नेमही धरता येत नाही आणि पुन्हा वरही खेचता येत नाही. म्हणून पंखांच्या मागच्या कडेला उघडणारे ब्रेक लावले. पण ते उघडताच शेपूट थरथरायला लागे. त्यावर उपाय म्हणून ब्रेकच्या पत्र्यांना तीन-तीन इंच व्यासाची भोके पाडली. चाळणीसारखे दिसणारे ते पत्रे हीच डॉन्टलेसची ओळख बनली. दुसरी अडचण पोटाखालच्या बॉम्बची. विमान जवळजवळ उभे असताना सुटलेला बॉम्ब सरळ स्वतःच्याच पंख्यावर आदळायचा. म्हणून एक झुलता पाळणा बसवला, जो बॉम्बला पुढे आणि खाली झुलवून पंख्याच्या कक्षेबाहेर सोडून देई. भोकांचा पत्रा आणि लोखंडी पाळणा यांचे महत्त्व मोठ्या इंजिनाहून कमी नव्हते. या विमानाचा वेग कमी, पंख मिटत नाहीत, त्यामुळे हँगरमध्ये जागा जास्त लागते, अशी कुरकुर सगळ्यांनी केली. तरी एकूण ५,९३६ विमाने बांधली गेली.

प्रत्यक्ष सूर कसा असायचा? पंधरा-वीस हजार फुटांवर हाडे गोठवणारी थंडी, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. तुकडी सूर्य पाठीशी ठेवून लक्ष्याच्या वर येते. पुढचे विमान कलंडते, ब्रेक उघडतात, नाक सत्तर अंशांपर्यंत खाली जाते. आसनाचा पट्टा छातीत रुततो, कारण माणूस आता बसलेला नसतो, टांगलेला असतो. डोळा दुर्बिणीला. दुर्बिणीखालच्या काचेच्या नळीत एक छोटी गोळी असते. विमान तिरके घसरत असेल तर ती बाजूला पळते, म्हणून पायाने सुकाणू दाबत तिला मधोमध ठेवायचे. खालचे जहाज पाण्यावर वळणाची पांढरी रेघ उमटवत नेमातून निसटू पाहते, आणि त्याच्यामागे सगळे विमानच फिरवत न्यावे लागते. उंचीदर्शकाचा काटा खऱ्या उंचीच्या मागे राहतो. काट्यावर विसंबला तो पाण्यात गेला. हे सारे सुमारे चाळीस सेकंदांत.

मग बॉम्ब सोडायचा आणि दांडी पोटाशी ओढायची. शरीराचे वजन पाच-सहा पट होते, रक्त डोक्यातून उतरते, डोळ्यांपुढे काळोखी येते. शुद्ध हरपली नाही तर विमान लाटांवर सपाट झालेले असते आणि घरी जायचे असते.

वैमानिकाच्या पाठीला पाठ लावून मागे तोंड करून एक गनर बसायचा. त्याच्याविषयी फार कमी लिहिले जाते. सुरात तो पाठीवर पडून आभाळाकडे बघत खाली जायचा. जहाज त्याला दिसत नसे, काहीही त्याच्या हातात नसे, आणि समोर मागून झेपावणारी शत्रूची लढाऊ विमाने असत. जपानी विमानात मागचा माणूस उंचीचे आकडे ओरडून सांगायचा. पुढच्या माणसाच्या हातांवर दुसऱ्या माणसाने टाकलेला एवढा विश्वास दुसऱ्या कोणत्या कामात लागत असेल असे वाटत नाही.

मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात विमानवाहू नौका एकमेकींना न पाहताच लढल्या. ७ तारखेला अमेरिकी विमानांनी 'शोहो' बुडवली, ८ ला 'शोकाकू'च्या डेकवर तीन बॉम्ब घातले. अमेरिकेने 'लेक्झिंग्टन' गमावली. या लढाईत एक बारीक पण जीवघेणी गोष्ट उघड झाली: वरच्या गोठलेल्या हवेतून खालच्या दमट उष्ण हवेत येताना दुर्बिणींच्या काचा धुक्याने भरून जात. नेमक्या शेवटच्या क्षणी वैमानिक आंधळा व्हायचा.

आणि मग ४ जूनची मिडवे.

या लढाईची गोष्ट बहुतेक ठिकाणी चमत्कारासारखी सांगितली जाते. जपानी डेकवर विमाने उड्डाणाच्या तयारीत खच्चून उभी, पाच मिनिटांत ती सुटणार, आणि तेवढ्यात ढगांतून अमेरिकी विमाने अवतरतात. हे चित्र मुख्यतः जपानी वैमानिक फुचिदा मित्सुओ याच्या आठवणींतून जगभर पसरले. जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांनी 'शॅटर्ड सोर्ड' या २००५ च्या पुस्तकात जपानी नोंदींच्या आधारे ते खोडून काढले. डेकवर हल्ल्याची विमाने नव्हतीच. ती खाली बंद हँगरमध्ये होती, इंधन भरलेली, टॉर्पेडो लावलेली. पाच मिनिटांच्या दैवाची कथा ऐकायला गोड आहे, पण ती त्या दिवशी सूर मारणाऱ्यांच्या कसबावर अन्याय करते. तो दिवस कसबाने जिंकला, आणि कसब नसले तर काय होते हेही त्याच दिवशी दिसले.

सकाळी आठच्या सुमारास मिडवे बेटावरून मरीन दलाची सोळा डॉन्टलेस जपानी ताफ्यावर गेली. मेजर लॉफ्टन हेंडरसन पुढे होता. विमाने तीच होती, तोच आराखडा, तेच ब्रेक. पण बरेचसे वैमानिक नवखे होते, या विमानावर त्यांचा हात बसलेला नव्हता. खडा सूर त्यांना झेपणार नाही म्हणून हेंडरसनने उथळ उतरणीने जायचे ठरवले. विमाने सावकाश, लांबवर दिसत खाली आली आणि जपानी झीरो विमानांनी त्यांना टिपले. सोळातली आठ परतली नाहीत, हेंडरसनही नाही. एकही बॉम्ब लागला नाही. परतलेल्या विमानांपैकी एक एकाच चाकावर मिडवेच्या धावपट्टीवर उतरले. त्याला २१९ भोके पडली होती.

नंतर नऊ ते साडेदहाच्या दरम्यान टॉर्पेडो विमाने आली. 'हॉर्नेट' या अमेरिकी विमानवाहू नौकेची पंधराच्या पंधरा पडली आणि त्यांवरच्या तीस माणसांतून एकटा जॉर्ज गे जगला. तिन्ही अमेरिकी विमानवाहू नौकांच्या मिळून ४१ टॉर्पेडो विमानांतली बोटांवर मोजण्याइतकी परतली. टॉर्पेडो एकही लागला नाही. 'हॉर्नेट'च्या सूर मारणाऱ्या विमानांना तर शत्रू सापडलाच नाही.

'एंटरप्राइझ'ची डॉन्टलेस घेऊन वेड मॅक्लस्की अपेक्षित जागी पोहोचला तेव्हा खाली नुसता समुद्र होता. इंधन निम्म्याच्या खाली गेले होते. नियमाप्रमाणे परतायला हवे होते. त्याने तसे न करता चौकोनी घिरट्या घालत वायव्येकडे शोध सुरू ठेवला. दहाला काही मिनिटे कमी असताना त्याला एक एकटी विनाशिका पूर्ण वेगाने उत्तरेकडे जाताना दिसली. ती 'आराशी' होती. 'नॉटिलस' या अमेरिकी पाणबुडीला दाबून ठेवण्यासाठी ती मागे राहिली होती आणि आता मुख्य ताफा गाठायला धावत होती. मॅक्लस्कीने तिची पांढरी रेघ धरली. हा निर्णय दैवाचा नव्हता. समुद्रावर रेघ वाचायला शिकलेल्या माणसाचा होता.

तरी चूक झालीच. मॅक्लस्की मूळचा लढाऊ विमानांचा माणूस. सूर मारणाऱ्यांच्या शिस्तीप्रमाणे पुढच्या तुकडीने दूरचे लक्ष्य घ्यायचे आणि मागच्या तुकडीने जवळचे. तो स्वतः जवळच्या 'कागा'वर कोसळला आणि दोन्ही तुकड्या त्याच्यामागे त्याच नौकेवर सुटल्या. 'कागा'ला किमान चार बॉम्ब लागले. मागच्या तुकडीचा प्रमुख रिचर्ड बेस्ट सुराला सुरुवात करतानाच आपल्यापुढे दुसरी विमाने शिरलेली पाहतो, ब्रेक मिटवतो, विमान सावरतो आणि दोन साथीदारांना घेऊन पलीकडच्या 'अकागी'कडे वळतो. 'अकागी' म्हणजे खुद्द नागुमोची नौका. तिच्यावर तीनच विमाने गेली. बेस्टचा हजार पौंडांचा बॉम्ब मधल्या लिफ्टच्या काठाजवळ डेक फोडून वरच्या हँगरमध्ये, भरलेल्या टॉर्पेडो विमानांच्या गर्दीत फुटला. दुसरा बॉम्ब मागे सुकाणूजवळ पाण्यात. एवढ्यावर ती नौका संपली. दुसऱ्या दिवशी पहाटे जपान्यांनी तिला स्वतःच बुडवले.

त्याच मिनिटांत 'यॉर्कटाउन'ची सतरा विमाने मॅक्स लेस्लीच्या हाताखाली 'सोर्यू'वर आली. त्यांतल्या चार विमानांचे बॉम्ब नव्या विजेच्या बटणांतल्या दोषामुळे वाटेतच समुद्रात पडून गेले होते, आणि त्यात लेस्लीचेही होते. रिकाम्या पोटाने त्याने सूर मारला, कारण पुढारी आधी जातो. उरलेल्यांनी तीन बॉम्ब घातले. साडेदहा वाजायच्या आत तीन विमानवाहू नौका पेटल्या होत्या.

चौथी 'हिर्यू' वाचली होती, आणि तिने जपानी हात किती तरबेज आहे ते दाखवून दिले. कोबायाशी मिचिओ अठरा व्हॅल घेऊन गेला. 'यॉर्कटाउन'वर पोहोचेपर्यंत त्यातली बहुतेक विमाने पाडली गेली होती, तरी उरलेल्यांनी तीन बॉम्ब बसवले. तेरा व्हॅल परतल्या नाहीत, कोबायाशीही नाही. मागून आलेल्या दहा टॉर्पेडो विमानांनी 'यॉर्कटाउन'ला आणखी जखमी केले. संध्याकाळी पाचच्या सुमारास डॉन्टलेस 'हिर्यू'वर कोसळल्या. चार बॉम्ब. बेस्ट याही हल्ल्यात होता. सकाळी ज्याने त्याच्यासोबत 'अकागी'वर सूर मारला होता तो फ्रेडरिक वेबर या हल्ल्यात मारला गेला. बेस्ट उतरला आणि रात्री रक्त ओकू लागला. सकाळी ऑक्सिजनच्या सदोष डब्यातून त्याच्या छातीत कॉस्टिक सोडा गेला होता आणि त्याने आत दबलेला क्षय जागा केला होता. त्याने पुन्हा कधी लढाऊ उड्डाण केले नाही. वय अवघे बत्तीस.

मिडवेत जपानची मुख्य हानी नौकांची झाली, माणसांची तितकी नाही, कारण बरेच वैमानिक नौकांवरून वाचवले गेले. माणसे गेली ती नंतरच्या महिन्यांत, सॉलोमन बेटांभोवती. २४ ऑगस्टला 'एंटरप्राइझ'वर तीन बॉम्ब, २६ ऑक्टोबरला सांताक्रूझजवळ 'हॉर्नेट'चा शेवट: कागदावर हे जपानचे यश होते. पण सांताक्रूझच्या एका दिवसात जपानने १४८ हवाई सैनिक गमावले, त्यांत तुकड्यांचे पुढारी एकामागून एक गेले. पर्ल हार्बर, कोलंबो, त्रिंकोमाली पाहिलेले हे हात होते. त्यांच्या जागी तसे दुसरे कुठून आणणार? जपानची रीत अशी होती की उत्तम वैमानिकाला आघाडीवरच ठेवायचे, तो मरेपर्यंत. अमेरिकेची रीत अशी की काही लढाया झाल्या की त्याला घरी पाठवायचे, शिकवायला. लोखंडाच्या आणि कारखान्यांच्या आकड्यांपेक्षा या एका फरकात युद्धाचा बराच निकाल दडलेला आहे. हिंदी महासागरातला एगुसा मिडवेत भाजूनही वाचला, पण १५ जून १९४४ ला सायपानच्या समुद्रावर एक नवे दुइंजिनी बॉम्बर घेऊन गेला आणि परतला नाही.

त्यानंतर पाचच दिवसांनी, २० जून १९४४ ला, फिलिपीन समुद्रात डॉन्टलेसने विमानवाहू नौकेवरून शेवटची मोठी झेप घेतली. दुपार टळून गेल्यावर अमेरिकी ॲडमिरल मिचरने दोनशेहून अधिक विमाने सोडली. शत्रू अंदाजापेक्षा दूर निघाला. परतताना काळोख पडला, टाक्या कोरड्या झाल्या आणि सुमारे ऐंशी विमाने पाण्यात उतरली किंवा डेकवर फुटली. पाणबुड्यांचा धोका पत्करून मिचरने सगळ्या ताफ्याचे दिवे लावायला सांगितले. डॉन्टलेसच्या जागी आलेली नवी कर्टिस 'हेलडायव्हर' विमाने त्या रात्री बहुतेक बुडाली. जुनी, संथ डॉन्टलेस मात्र बरीचशी घरी आली.

तोपर्यंत या कामाचीच गरज सरत चालली होती. लढाऊ विमाने आता हजार पौंडांचा बॉम्बही उचलत होती आणि स्वतःचे रक्षणही करत होती. रॉकेटे आली होती. विमान जवळ येताच आपोआप फुटणारे तोफगोळे आले होते, त्यांच्यासमोर एका मागोमाग एकाच रेषेत कोसळणे म्हणजे रांगेत मरायला जाणे. ऑक्टोबर १९४४ पासून जपानने व्हॅलसुद्धा आत्मघाती हल्ल्यांना लावली. सूर तसाच, फक्त शेवटी वर खेचायचे नाही. ज्या तंत्राची सगळी विद्या परत येण्यात होती त्याची ही अखेर पाहवत नाही.

भारतीय वैमानिकांनाही सुराची ओळख होती. हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वॉड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हल्टी 'व्हेंजन्स' विमानांतून सूर मारले, अर्थात जमिनीवरच्या तळांवरून. नौदलाच्या वाट्याला नौकेवरून झेप घेणे आले ते 'विक्रांत'मुळे. तिचा सांगाडा १९४३ मध्ये, याच युद्धाच्या ऐन धामधुमीत, ब्रिटनमध्ये घालायला सुरुवात झाली होती. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्यावरून उडालेली 'सी हॉक' जेट विमाने कॉक्स बाजार आणि चितगाववर बॉम्ब आणि रॉकेटे घेऊन उतरली. तो जुना खडा सूर नव्हता, काळ बदलला होता. गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक पाहायला मिळते.

मिडवेच्या धावपट्टीवर एका चाकाने उतरलेल्या, २१९ भोकांच्या त्या डॉन्टलेसचा क्रमांक २१०६. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये ते जमिनीवर उभे होते आणि वाचले. मार्च १९४२ मध्ये 'लेक्झिंग्टन'वरून न्यू गिनीवरच्या हल्ल्यात गेले. मिडवेनंतर अमेरिकेने ते डागडुजी करून मिशिगन सरोवरावर धाडले. तिथे प्रवासी चाकनौकांवर सपाट डेक ठोकून 'वुल्व्हरिन' आणि 'सेबल' या दोन कोळशावर चालणाऱ्या प्रशिक्षण-नौका तयार केल्या होत्या. गोड्या पाण्यात पाणबुडीची भीती नव्हती, आणि हजारो पोरे तिथे डेकवर उतरायला शिकली. जून १९४३ मध्ये अशाच एका नवशिक्याच्या हातून २१०६ सरोवरात पडले. तो वाचला. विमान पन्नास वर्षे थंड, गोड्या पाण्याच्या तळाशी राहिले आणि जानेवारी १९९४ मध्ये वर काढले. आज ते फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथल्या नौदल विमान संग्रहालयात आहे. मिडवेच्या गोळ्यांवर घाईघाईने मारलेली पत्र्याची ठिगळे त्याच्या अंगावर अजून आहेत.